नाचघराची जमीन

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर आता अभ्यासिका निघाली आहे. नाशिकरोडला म्हणे अशा अभ्यासिका गल्लोगल्ली झाल्यात. प्रत्येक पोराला फळ्या ठोकून केलेला वेगळा कप्पा, डोक्यावर गार हवा, थंड पाण्याचं यंत्र आणि भिंतीवर ‘बोलू नये’ची पाटी. फेब्रुवारी सरत आला की तिथली गर्दी वाढते. समोरच्या ब्लॉकमधली ईश्वरी सकाळी जाते ती दिवेलागणीला परत येते. परवा जिन्यात भेटली तर म्हणते, “आजी, तुमच्या वेळी अभ्यासिका होत्या का हो?” मी म्हटलं, “होती की. तुमच्या या खुराड्यात बसतील तेवढी सगळी पोरं एका कोपऱ्यात मावली असती. आणि फुकट होती.” ती हसली. म्हातारी फेकतेय, असं तिला वाटलं असणार. वाटू दे बापडीला.

पण तिच्या त्या एका प्रश्नानं माझी सबंध दुपार गेली. गॅसवर चहा उकळून उकळून काळा झाला. मार्चचं ऊन खिडकीतून आलं की मला अजून वाटतं, उद्या पेपर आहे. शाळा सुटून जन्म लोटला, पोरंबाळं परीक्षा देऊन मोकळी झाली, तरी ते ऊन काही मला सोडत नाही.

इगतपुरी म्हटलं की लोकांना पाऊसच आठवतो. अहो, पाऊस काय, तो सगळ्यांनाच दिसतो. इगतपुरी खरी कळते ती होळीच्या आगेमागे. डोंगर पार पिवळे पडलेले. कुठेतरी गवत पेटलेलं असतं आणि डोंगराच्या अंगावर विस्तवाची रेघ हळूहळू सरकत असते. पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागते आणि दुपारी क्वार्टरचा पत्रा असा तापतो की भिंतीला पाठ टेकवत नाही. करवंदीला नुकती हिरवी फळं धरलेली असतात. ती मिठाबरोबर खाऊन दात आंबलेले, हातात भूगोलाचं पुस्तक, आणि खाली स्टेशनात घाट चढून आलेली गाडी इंजिन बदलायला थांबलेली. त्या शिट्ट्यांत मी सनावळ्या पाठ केल्या. अजूनही शिट्टी ऐकली की एखादं सन ओठावर येतं.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं बोर्ड नुकतंच आलं होतं, त्या वेळची ही गोष्ट. माझे बाबा रेल्वेत फिटर. आम्ही रेल्वेच्या दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माणसं किती होती ते मोजण्यात अर्थ नाही, कारण पाहुणे धरून रोज आकडा बदलायचा. शेजारचा रेडिओ भिंतीतून आरपार ऐकू यायचा. अभ्यास करायचा कुठं? मी आणि माझी मैत्रीण शोभा, आम्ही पुस्तकं पोटाशी धरून जागा शोधत हिंडायचो. झाडाखाली बसलो तर मुंग्या, विहारात बसलो तर लहान पोरांचा दंगा, फलाटावरच्या बाकावर बसलो तर टवाळ पोरं.

रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांच्या ओळीमागे, घाणेरीच्या जाळीत, एक भली मोठी दगडी इमारत पडून होती. पुढल्या दाराला साखळी, साखळीला कुलूप, कुलपाला गंज. वस्तीत तिला नाचघर म्हणायचे. लहानपणापासून एवढंच ऐकलेलं, की तिकडे जायचं नाही. का, ते कुणी सांगायचं नाही. शोभा म्हणाली, “भुतं असली तरी बरं. भुतं रेडिओ तरी लावत नाहीत.” तिचं हे असलंच. मागच्या बाजूला न्हाणीघराचं दार होतं, ते वाळवीनं पोखरलेलं. शोभानं खांदा लावला तशी खालची फळी भुगा होऊन पडली आणि आम्ही वाकून आत शिरलो.

काय सांगू तुम्हाला! आत गेल्यावर मी चक्क तोंडावर हात ठेवला. आमचं अख्खं क्वार्टर, वरच्या पत्र्यासकट, त्या दालनात ठेवलं असतं तरी भोवतीनं फिरायला जागा उरली असती. छत इतकं उंच, की वर बसलेली कबुतरं चिमण्यांएवढी दिसत होती. खिडक्या माणसाच्या डोक्याच्या वर. त्यांतून उन्हाचे तिरपे पट्टे खाली आलेले आणि त्या पट्ट्यांत धूळ तरंगत होती. एका टोकाला लाकडी मंच. भिंतीवर एक उंच आरसा, निम्मा काळा पडलेला. आणि खाली लाकडाची जमीन. लांबच लांब सागवानी फळ्या, एकीला एक अशा भिडवलेल्या की मधे नख शिरू नये. एवढी मोठी जागा आजवर मी पाहिली नव्हती, आणि पाहिली तेव्हा ती रिकामी होती, कुणी हाकलणारं नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग शोभा दोन पावलं चालली आणि थबकली. “ए, ही जमीन हलतेय.” मी म्हटलं, “गप गं.” मग मीही चालले. खरंच हलत होती. पाय टाकला की अंगठाभर खाली जायची आणि पाय उचलताना वर यायची, आपल्याला हलकेच पुढं ढकलल्यासारखी. भीती वाटली, सडलीबिडली असेल, पडू खाली. पण आवाज नाही, कुरकुर नाही. घोडं कुठं पेंड खातंय ते बघायला शोभा बाहेर गेली, जोत्याला हवेसाठी ठेवलेल्या भोकातून डोकं घालून पाहिलं आणि तिथूनच ओरडली, “अगं, खाली गाडीच्या कमानी आहेत!” मीही पाहिलं. रेल्वेच्या डब्याखाली चाकांवर बसवतात ना, एकावर एक पोलादी पट्ट्या रचलेल्या, तशा कमानी. ओळीनं मांडलेल्या, अंधारात पार पलीकडच्या भिंतीपर्यंत. त्यांच्यावर तुळया आणि तुळयांवर ती जमीन.

मी जोत्याशी मातीतच बसून राहिले. माणसांना नाचताना पाय दुखू नयेत म्हणून कुणीतरी एवढी पोलादी पाती कारखान्यातून आणून जमिनीखाली घातली होती. आमच्या क्वार्टरच्या फरशीखाली धड मुरूमसुद्धा नव्हता. राग यावा की कौतुक वाटावं ते कळेना. खरं सांगते, कौतुकच जास्त वाटलं.

तिथून पुढं रोज दुपारी आमचा मुक्काम तिथंच. मंचाजवळचा कोपरा झाडला, पोतं अंथरलं. बीजगणित करून कंटाळा आला की इमारतीची पाहणी. हे देऊळ तर नाही, मग चर्च असेल का? चर्च तर स्टेशनाकडं आहे. मग मंचाशेजारी खुंट्याच खुंट्या कशाला? शोभाच्या मते त्या हॅटसाठी होत्या; मग ती मडमेसारखं नाचून दाखवायची. कोण कोण येत असेल, काय घालून येत असेल, यावर आमचे तास गेले. इतिहासाच्या पुस्तकात वाचलेल्या एकाही वाड्याची, किल्ल्याची मला कधी एवढी ओढ लागली नव्हती. तिथं सगळं सांगून ठेवलेलं असतं. इथं खुंटीला हात लावला की आपणच विचार करायचा. आजही कुठं पडकी इमारत दिसली की माझी पावलं वळतात. चांदवडला लग्नाला गेले आणि लग्न सोडून भिंती बघत बसले म्हणून सुनेनं मला ऐकवलंय.

एके दिवशी मंचाखाली पत्र्याचा डबा सापडला. आत पांढरी पावडर, मऊमऊ, बोटातून निसटणारी. शोभा म्हणाली, “मडमांची पावडर! इथं मेकअप करत असणार.” झालं. त्या अर्ध्या काळ्या आरशासमोर उभं राहून आम्ही दोघींनी ती तोंडाला, मानेला, दंडाला थापली. फुकटची मिळाली म्हणून हात आखडला नाही. तशाच घरी आलो.

दारात आत्या बसली होती. माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, तारा. लग्न होऊन मनमाडला गेलेली, तिथंही रेल्वेच. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्याकडं यायची. त्या वर्षी माझी परीक्षा, आईला मदत हवी, म्हणून आधीच आली होती. बोलायला तिखट, हसायला मोकळी. माझं तोंड बघून ती आधी हसली, मग तिनं माझा हात धरला, पावडर दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि तिचं हसू थांबलं.

“कुठं मिळाली ही?”

मी खोटं बोलणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडं बघून सांगून टाकलं. आई आतून कडाडली, “नाचघरात? अभ्यासाला? लोक काय म्हणतील, नाचायला जाते म्हणतील!” आत्यानं तिला हातानंच थांबवलं. “थांब वैनी. अगं पोरी, ही तोंडाची पावडर नाय. जमिनीची हाय. शंखजिरं. कॅरमला टाकतात ना, तसली.” आणि मग तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. “साहेबाच्या पायाखालची पावडर तोंडाला लावून आली, बघा!”

हसणं ओसरलं तशी ती सांगायला लागली. तिच्या लहानपणी तिथं दर शनिवारी नाच व्हायचा. गोरे साहेब, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या बायका. दुपारी तिथला बटलर आमच्या वस्तीत यायचा आणि पोरं निवडायचा. जमिनीवर मेणबत्तीचा कीस आणि ही पावडर टाकायची, एका तरटावर घोंगडी ठेवायची, घोंगडीवर दोन-तीन लहान पोरी बसवायच्या आणि मोठ्या पोरांनी दोर धरून ते तरट या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं. पोरींच्या वजनानं जमीन घासली जायची, आरशासारखी व्हायची. पोरींपैकी एक आत्या. ओढणाऱ्यांपैकी एक माझे बाबा.

“मज्जा यायची?” मी विचारलं.

“लय! गाडीत बसल्यावानी वाटायचं. आम्हाला खरी गाडी कुठं मिळत होती बसायला? संपलं की एकेक बिस्किट द्यायचे.” तिनं पदरानं माझी मान पुसली. “पण पाय ठेवायचा नाय. घामाचा पाय उमटतो म्हणे. ओढणाऱ्या पोरांना कापडाचे मोजे असायचे. आम्हाला कशाला मोजे? आम्हाला मागल्या दारानं उचलून आणायचे, तरटावर ठेवायचे आणि झालं की तसंच उचलून बाहेर. मागं एकीनं पाय टेकवला तर तिला लय मारलं. मी किती वर्सं घासली ती जमीन, पण तिला माझा पाय कधी लागला नाय.”

मी पटकन म्हणाले, “आत्या, ती जमीन हलते. खाली कमानी आहेत.”

“हॅट्! लाकूड कुठं हलतं? मी घासलीय ती, मला सांगतीस?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला म्हटलं, चल, दाखवतो. ती म्हणाली, “कुठनं जाता?” मागच्या फळीतून वाकून, असं सांगितल्यावर तिनं मान हलवली. “मागल्या दारानं मी लय वेळा गेले. आता जाईन तर पुढल्या दारानं. चालत.” हे ती हसत म्हणाली, पण त्या रात्री जेवताना तिनं तो विषय बाबांपुढं काढलाच. तुझ्याकडं पाने आहेत, लोखंड कापायची करवत आहे, तेवढं कुलूप काढ. मला एकदा आत चालून येऊ दे.

बाबा फार बोलणारे नव्हते. त्यांचा घास हातातच राहिला. “काय ठेवलंय तिथं? ते होते तोवर आपल्याला पुढल्या दारानं आत घेतलं नाय. आता ते गेले, पडलंय ओस, म्हणून आपण जायचं? उष्टं खायला?”

“उष्टं कसलं दादा? घासलीय मी ती. जेवढी त्यांची तेवढी माझी.”

“मी त्या दाराला हात लावणार नाय, तारे. संपला विषय.”

विषय संपला. कोणी जेवलं नाही नीट. मला बाबांचा राग आला आणि बाबांचं पटतही होतं, आणि दुसऱ्या दिवशी बीजगणिताचं एकही उदाहरण सुटलं नाही. त्या दालनात बसले तर जमिनीकडेच लक्ष जायचं. आधी मला त्या खुंट्यांवरच्या हॅट दिसायच्या. आता घोंगडीवर बसलेली, पाय पोटाशी घेतलेली लहानशी आत्या दिसायची. इमारत तीच, ऊनही तेच. पण शोभाही आता नाचून दाखवत नव्हती.

आज तिथं काय आहे विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही. परवा-परवा गेले होते, तर नुसती मोकळी जागा आणि गाड्या उभ्या. एकाला विचारलं तर “इथं होतं का काही?” म्हणाला. त्याची काय चूक? सांगणारं कोणी नसलं की दगडसुद्धा मुके होतात.

परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन आले तर आई दारातच म्हणाली, नाचघराची जमीन निघणार. लाकूड ठेकेदारानं घेतलंय, सोमवारी माणसं येऊन फळ्या उपटणार. बाबांनी शेडमध्ये ऐकलं होतं. आत्या तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मी तिच्याजवळ बसले. “आत्या, मागच्या दारानं तरी चल गं. परत नाही मिळायचं.” ती म्हणाली, “नको. एवढी वर्सं नाय गेले तर काय अडलं?” पण निवडलेले तांदूळ तिनं पुन्हा न निवडलेल्यांत मिसळले, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

मी बाबांना काही बोलले नाही. हिंमतच नव्हती. रात्री मात्र ते बराच वेळ ओट्यावर बसून होते. आत्याच्या खोकल्याचा आवाज आला की आत बघायचे.

रविवारी दुपारी वस्तीत जयंतीची तयारी चालली होती, पोरं निळ्या पताका दोऱ्याला चिकटवत होती. बाबा कामावर नव्हते, तरी त्यांनी बूट चढवले, हत्यारांची पिशवी काढली, तेलाची बुधली तपासली. शेडमधल्या साहेबाला विचारून आले होते म्हणे, कुलूप तसंही तोडायचंच होतं. दारात उभे राहून म्हणाले, “तारे, चल.”

आत्या उठली. आत गेली आणि जयंतीसाठी घडी करून ठेवलेलं पांढरं पातळ नेसून आली. आई म्हणाली, “वन्सं, धुळीत?” आत्या म्हणाली, “मग काय मळकं नेसून जाऊ?”

कुलूप सहज निघालं नाही. बाबांनी तेल सोडलं, ठोकलं, शेवटी करवतीनं साखळी कापली. दारं फुगली होती, त्यांना आम्ही सगळ्यांनी खांदे लावले. एकदम उघडली आणि कबुतरांचा थवा डोक्यावरून गेला. मी महिनाभर त्या दालनात बसले होते, पण या दारातून ते आज पाहत होते. उजेड सरळ आत गेला, पार मंचापर्यंत. सबंध जमीन एकाच वेळी दिसली. धुळीखाली होती तरी दिसली. शोभानं माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, इथं नुसतं उभं राहायला मिळालं तरी माणसाचं भलं होईल.

आत्यानं उंबऱ्याशी चपला काढल्या. एक पाय उचलला आणि तसाच धरून उभी राहिली. मागं वळून बाबांना म्हणाली, “पाय पुसून घेऊ का?”

“कशाला पुसतीस? ठेव.”

तिनं ठेवला. मग दुसरा. मग ती चालत गेली, हात जरा बाजूला धरून, ओढ्यातून जाताना बायका जातात तशी. बाबा बाहेरच, पायरीवर. आम्ही दोघी दाराला चिकटून. मधोमध पोचल्यावर आत्या थांबली, खाली बघितलं, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. मग तिनं पातळ हातात धरलं आणि चक्क उडी मारली. पन्नाशीला आलेली बाई! मग आणखी एक मारली, जोरात.

“दादा!” तिचा आवाज छताला लागून परत आला. “अरे, ही हलती! खरंच हलती रे! एवढी वर्सं घासली, आपल्याला कळलंच नाय!”

बाबा पायरीवरूनच म्हणाले, “मला ठाऊक होतं.”

आत्या वळली. “तुला ठाऊक होतं?”

“ओढताना कळायचं की. पायाला.”

“मग सांगितलं का नाय कधी?”

“सांगितलं असतं तर तू पाय ठेवला असतास,” बाबा म्हणाले. “आणि त्यांनी तुला मारलं असतं.”

आत्यानं हातातलं पातळ सोडलं. मग म्हणाली, “आता ये की मग.”

बाबा पायरीवर बसले. त्यांनी बूट काढले. मग पायातले मोजे काढले, बुटात खोचले, आणि अनवाणी आत गेले.